पाच सुरांच्या वहीवरचं नाव

"काका, तोंड नाही लावायचं. किती वेळा सांगायचं?"

मुख्याध्यापिका मॅडम दारातून बोलल्या. त्यांच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, कुणाची तरी आई. समोर सहावीची अडतीस मुलं, मांडीवर वाद्यं घेऊन बसलेली. आणि माझ्या ओठांना ट्रम्पेट. त्याचं मधलं बटण अडकत होतं. ते मी सोडवलं होतं, तेल घातलं होतं. पण सुटलं की नाही हे फुंकल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकदा फुंकलं. एवढाच गुन्हा.

ती आई ओरडली नाही. फार सभ्यपणे बोलली. "माझा मुलगा वाजवतो हे. हायजीनचा प्रश्न आहे, बाकी काही नाही."

मॅडम म्हणाल्या, "धुऊन आणा. साबणाने. आणि परत असं नको."

मी ट्रम्पेट घेऊन निघालो. अडतीस मुलं बघत होती. त्यात दुसऱ्या रांगेत माझी सायली, हातात क्लॅरिनेट. तिने मान खाली घातली. मी नळावर ट्रम्पेट धुतलं, भांडं घासतात तसं. परत आणून मॅडमना दाखवलं. त्यांनी हात न लावता बघितलं आणि मान हलवली.

म्युझिकचे सर तिथेच होते, कीबोर्डच्या मागे. ते रोज पाच-सहा मुलांची ट्रम्पेटं स्वतः वाजवून दाखवायचे. आपल्या तोंडाने. कुणी धुवायला सांगितलं नव्हतं. रोग असता तर दोघांच्याही थुंकीत असता. पण सरांची थुंकी म्हणजे शिक्षण आणि माझी थुंकी म्हणजे उष्टं. सर मोबाइलमध्ये बघत राहिले.

आम्ही मातंग. पिढ्यान्‌पिढ्या वाजंत्री. आजा सनई वाजवायचा, बाप क्लॅरिनेट. बापाला आम्ही आबा म्हणायचो. पनवेल, उरण, अलिबागपर्यंत आबांच्या बँडला हळदीची आवतनं असायची. लोक रात्रभर आमच्या तालावर नाचायचे आणि जेवायला आम्हाला मांडवाबाहेर बसवायचे. हे मी लहानपणापासून बघत आलो. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला पाहिजे होतं.

मग कोरोनात दोन वर्षं लग्नंच बंद पडली. आबा गेले. बँडची निम्मी वाद्यं भंगारात गेली. त्याच सुमारास सुकापूरच्या पुढे ही शाळा मोठी झाली, इंग्रजी माध्यमाची, चकचकीत. त्यांना स्कूल बँड सुरू करायचा होता. वाद्यं आणली, पण ती सांभाळणारं कुणी नव्हतं. मला घेतलं. कागदावर हाउसकीपिंग. राखाडी शर्ट, खिशावर शाळेचं चिन्ह. काम काय, तर वाद्यं पुसा, तेल घाला, क्लॅरिनेटच्या तोंडातली पट्टी, म्हणजे रीड, बदला, खुर्च्या मांडा. सायलीला त्याच शाळेत आरटीईमधून जागा लागली होती. बायको म्हणाली, देव पावला. मलाही तसंच वाटलं.

शाळेत मुलं मला बँडकाका म्हणायची. सर मला मास्तर म्हणायचे. हसून म्हणायचे, म्हणजे काय ते समजून घ्यायचं.

सर वाईट वाजवायचे असं मी म्हणणार नाही. कीबोर्डवर त्यांचा हात चांगला होता, सर्टिफिकेटं होती. पण फुंकायच्या वाद्यांतलं त्यांना वरवरचंच कळायचं. बाहेरून छापील पुस्तकं यायची, ती ते समोर ठेवायचे. किंवा सिनेमातलं गाणं बसवायला घ्यायचे. मुलं रडकुंडीला यायची. कारण शिकाऊ पोराच्या हातात पाच सूर असतात. पाचच. त्याच्या वरचा सूर काढायला गेलं की वाद्य किंचाळतं, खालचा काढायला गेलं की नुसती हवा जाते. त्या पाच सुरांत त्याला काहीतरी पुरं वाजवल्याचं सुख मिळालं, तर ते पोर दुसऱ्या दिवशी परत येतं. नाहीतर पोटात दुखतंय म्हणून घरी बसतं.

मी कोपऱ्यात उभा राहून हे बघायचो. जीव तळमळायचा. एका मुलीच्या दातांना तारा होत्या, तिला जोरात फुंकलं की ओठ सोलायचा. सगळ्यात मोठं भोंग्याचं वाद्य एका किरकोळ मुलाला दिलं होतं, त्याचा श्वास चार मोजेपर्यंतच टिकायचा. एकाची करंगळी क्लॅरिनेटच्या शेवटच्या चावीपर्यंत पोचायचीच नाही. मला वाजवून दाखवता आलं असतं, तर एका दुपारचं काम होतं. पण तोंड लावायचं नाही.

म्हणून मी वही केली. शंभर पानी, साधी. मला ती पाच रेघांवरची टिंबं लिहिता येत नाहीत. आमच्या बँडमध्ये बोटं लिहितात. ट्रम्पेटला शून्य म्हणजे काही दाबायचं नाही, एक-दोन म्हणजे पहिली दोन बटणं. क्लॅरिनेटला किती भोकं झाकायची तो आकडा. बाजूला किती मोजायचं त्याच्या उभ्या रेघा. आणि प्रत्येक वाद्याचं पान वेगळं. ते वेगळंच असावं लागतं. कारण ट्रम्पेटचा सा जिथे, तिथे सॅक्सोफोनचा सा नसतो, बासरीचा तर नसतोच. कीबोर्डवर सा एकदा सापडला की सगळ्यांचा तोच. फुंकायच्या वाद्यांचं तसं नाही. आमच्या वस्तीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पहिली चाल लिहिली तिला नाव दिलं 'मोरा'. लहानपणी आबांबरोबर उरणच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून लॉन्चने मुंबईला वाजवायला जायचो. ओहोटी असली की लॉन्च धक्क्याला लागत नाही. वाद्यं घेऊन बसून राहायचं, पाणी वर येईपर्यंत. आबा गुडघ्यावर बोटं वाजवायचे. चार मोज, थांब. चार मोज, थांब. ते माझ्या डोक्यात होतं. 'मोरा'मध्ये प्रत्येक वाद्य चार मोजतं आणि चार थांबतं. एक थांबलं की दुसरं येतं. त्या किरकोळ मुलाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. तारांच्या मुलीचा सूर मऊ आहे, तिला जोर लावावा लागत नाही. करंगळीवाल्याला मी तो सूर दिलाच नाही. ढोलवाल्या पोरांना मात्र सारखं काम, कारण रिकामे हात मिळाले की ती एकमेकांच्या डोक्यावर वाजवतात.

मधल्या सुट्टीत मी चार-चार मुलांना बसवून शिकवायचो. तोंडाने गुणगुणायचं, टाळ्या द्यायच्या, पानावर बोट ठेवायचं. आठ दिवसांत आलं त्यांना. भोंग्यावाला मुलगा पहिल्यांदा चाल पुरी करून उठला आणि म्हणाला, "बँडकाका, मी मेलो नाही!" आम्ही सगळे खूप हसलो. त्या पावसाळ्यात मी सात चाली लिहिल्या. मी आयुष्यात इतका सुखी कधी नव्हतो, खरं सांगतो.

सरांनी एक दिवस वही मागितली. "दोन दिवस दे मास्तर, जरा नीट कॉम्प्युटरवर घेतो." मला बरं वाटलं. मी वही पुसून दिली.

ते दोन दिवस दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबले आणि सुट्टीनंतर सरांनी मुलांना 'मोरा'चे छापील कागद वाटले. मॅडम पहिली तालीम ऐकायला आल्या होत्या, सोबत संस्थेचे दोघे. सरांनी हात वर केला, मुलांनी पाठ असलेलं सोडून कागदावरचं फुंकलं. आणि असा आवाज निघाला की वरच्या मजल्यावरची शिक्षिका धावत आली. सगळे सूर एकमेकांच्या उरावर. मुलांनी दचकून वाद्यं खाली घेतली. चूक आपलीच असं समजून तारांची मुलगी रडायला लागली.

मी कागद बघितला आणि मला कळलं. सरांनी ट्रम्पेटचं पान पाच रेघांवर उतरवलं आणि तेच सगळ्यांना छापलं होतं. माझ्या वहीत सॅक्सोफोनचं पान वेगळं दिसलं, बासरीचं वेगळं दिसलं, तेव्हा त्यांना वाटलं की या अडाण्याला एकच चाल धड उतरवता आली नाही. त्यांनी माझी चूक सुधारली होती.

"मास्तरच्या वहीतलंच आहे मॅडम," सर म्हणाले. "लग्नाच्या बँडचं नोटेशन. मी म्हटलं, एक चान्स देऊ."

संस्थेचा माणूस हसला. "वरात काढायची होती का?"

मी म्हणालो, "पानं वेगळी होती. सगळ्यांना एकच दिलं म्हणून..." मॅडमनी हात वर करून मला थांबवलं. "काका, तुम्ही ते सरांशी बोला. सर, मला पुढच्या आठवड्यात हे व्यवस्थित हवंय."

बाकीचे गेल्यावर सर माझ्याशेजारी खाली बसले. पहिल्यांदाच जमिनीवर. हळूच म्हणाले, "कसं करायचं, सांग." मी सांगितलं. मूर्खासारखं सगळं सांगितलं. तीन दिवस शाळा सुटल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरशेजारी उभा राहून प्रत्येक वाद्याचं पान करून दिलं. वही त्यांच्याकडेच राहिली. त्यांना खुर्ची होती, मला नव्हती.

नवे कागद आले. मुलांनी वाजवलं आणि 'मोरा' जसा माझ्या कानात होता तसा त्या खोलीत उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी एक कागद उचलून बघितला. वर इंग्रजीत नाव होतं, 'सनराइज'. उजवीकडे कोपऱ्यात सरांचं नाव. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की शिकाऊ शालेय बँडसाठी मूळ रचना.

मी सरांना विचारलं. बाजूला घेऊन, हळू आवाजात, जणू मीच काही चोरलं होतं. "सर, माझं नाव राहिलं."

ते खरंच गोंधळले. नाटक नव्हतं ते. त्यांच्या मनातही आलं नव्हतं. म्हणाले, "अरे, नाव कशाला? हळदीत वाजवता, तिथे कोणी तुमची नावं छापतं का?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. सायली तिथेच गृहपाठ करत होती, माझ्या ध्यानात आलं नाही.

चार दिवसांनी मला म्युझिक रूममध्ये बोलावलं. सर, मॅडम आणि सगळी मुलं. सायली उभी होती. तिने दुसऱ्या रांगेतल्या पाच कागदांवर पेन्सिलीने सरांच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं होतं. मराठीत, वळणदार अक्षरात. तिचं अक्षर छान आहे. आपलं नाव कागदाच्या त्या कोपऱ्यात लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मॅडम शांत होत्या. म्हणाल्या, "काका, हे चुकीचं आहे ना? तिला सांगा तुम्ही. तुमच्या तोंडून कळलं की बरं."

अडतीस मुलं. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याच वहीवरून शिकली होती. एकही बोललं नाही, आणि का बोलावं, लेकरं ती. सर खिडकीबाहेर बघत होते. सायली माझ्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती. तिला खात्री होती, पप्पा आले म्हणजे आता सांगतील.

मी म्हणालो, "सायली, पूस."

ती हलली नाही.

मग मी तिच्या कंपासपेटीतून रबर घेतलं आणि मीच पुसलं. एकेक कागद. पाचही. एका ठिकाणी कागद चुरगळला तेव्हा सर म्हणाले, "सांभाळून, प्रिंट खराब होईल." मी सांभाळून पुसलं. रबराचा कचरा हाताने गोळा करून खिशात टाकला, कारण त्या खोलीची झाडलोट माझ्याकडेच होती.

मी घाबरलो होतो. दुसरं कारण शोधून सापडणार नाही. नोकरी जाईल, पोरीला त्रास देतील, चार वर्षं अजून काढायचीत तिला तिथे, हे सगळं खरं. पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. मोठ्या माणसाने सांगितलं आणि हात आपोआप चालला. आजाचा चालायचा, आबांचा चालायचा, तसाच.

घरी सायली जेवली नाही. बायको न्यू पनवेलमध्ये चार घरची कामं करते, ती आल्यावर तिला कळलं.

"तुमी पुसलंत? तुमच्या हातानं?"

"मग काय करू?"

"मना नाय म्हाईत. पन पोरगी माज्याशी पन बोलत नाय."

शेवटी सायलीच बोलली. भिंतीकडे तोंड करून. "पप्पा, खोटं कुणी लिहिलं होतं? मी का सरांनी?"

मी म्हणालो, "गप बस."

गॅदरिंग झालं. मी पडद्यामागे जास्तीच्या रीड घेऊन उभा. मुलांनी सुंदर वाजवलं. भोंग्यावाला पोरगा एकदाही अडला नाही. टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी सरांना पुढे बोलावलं, सर माइकवर म्हणाले, "लहान मुलांसाठी काहीतरी ओरिजिनल करावं, असं बरेच दिवस मनात होतं." मला आनंद होत होता आणि छाती फाटत होती, दोन्ही एकदम. त्या आनंदाचीच मला नंतर जास्त लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात बोलावणं आलं. मॅडम म्हणाल्या, "बसा ना काका." चहा आला. इतक्या दिवसांत त्या ऑफिसात मी पहिल्यांदा बसलो. मग कागद पुढे आला. सरांचं पुस्तक निघणार होतं, दुसऱ्या शाळांच्या शिकाऊ बँडसाठी. सातही चाली. त्याआधी माझी एक सही हवी होती. कागदावर मराठीत लिहिलं होतं की वहीतल्या चाली सरांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली मी फक्त उतरवून घेतल्या, आणि त्यावर माझा काही हक्क नाही.

"तुम्हाला पर्मनंट करायचा विचार आहे," मॅडम म्हणाल्या.

मी कागद दोनदा वाचला. फक्त उतरवून घेतल्या. पोरीचं तोंड डोळ्यांपुढे आलं, भिंतीकडे फिरवलेलं. पेन हातात होतं. पेनाने लिहिलेलं रबराने जात नाही, हे मला माहीत होतं. मी पेन खाली ठेवलं.

"सही नाही करणार."

"काका, नीट विचार करा. सायली इथेच शिकते."

"तिची जागा सरकारने दिलीय. तुम्ही नाही." मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "माझी वही द्या."

वही शाळेची मालमत्ता आहे, असं मला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी वॉचमनने फाटकावर थांबवलं. बिचारा माझ्याकडे बघत नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. पुस्तक निघालं. पोलिसांत गेलो तर हवालदार म्हणाला, "चाल चोरली म्हणजे नक्की काय गेलं तुमचं?" वकिलाने पुरावा मागितला. पुरावा म्हणजे ती वही. सायलीचं क्लॅरिनेट काढून घेतलं, बँडच्या तासाला तिला लायब्ररीत बसवतात. मी परत हळदीला वाजवतो. परवा कर्नाळ्याच्या बाजूला वाजवायच्या एका सुपारीला जाताना रस्त्यालगतच्या एका शाळेतून 'मोरा' ऐकू आला. कुठलीशी अनोळखी मुलं. चार मोजून थांबत होती, बरोबर. टेम्पो उभा करायला सांगितला आणि ऐकत राहिलो. त्या मुलांवर तर रागावताही येईना. सोबतचा ढोलवाला म्हणाला, "चला वो, हळद सुरू व्हईल." आम्ही निघालो.

मी हरलो आहे, हे मला कळतं. वही परत मिळणार नाही. छापलेली पुस्तकं कुणी परत घेणार नाही. त्यांच्याकडे कागद आहेत, माझ्याकडे तोंडी साक्ष.

पण सातही चाली मला पाठ आहेत. मी त्या पुन्हा लिहिल्या, पेनाने. प्रत्येक पानावर आधी माझं नाव लिहिलं, मग चालीचं, मग बोटं. नवीन चाल होते तीही तशीच लिहितो, तारीख घालतो, वस्तीतल्या दोघांच्या सह्या घेतो. आणि येत्या गॅदरिंगला मी जाणार आहे. मी पालक आहे, मला बोलावणं येतं. 'सनराइज'चं नाव पुकारलं की उभा राहून सांगणार, ही चाल माझी आहे आणि हिचं नाव 'मोरा' आहे. सायलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मोठ्याने सांगा."

ते मला बाहेर काढतील. काढू देत. त्याच्या पुढच्या वर्षी परत जाईन, त्याच्याही पुढच्या वर्षी. त्यांना माझं नाव पुसायचं असेल तर त्यांनी पुसावं, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या हाताने. माझा हात त्यांना यापुढे मिळणार नाही.